चौदा सेंटीमीटर

सोमवार, ४ ऑगस्ट २००८

एकोणीस वर्षं! आज एक पोरगेलासा सल्लागार घर तपासून गेला. कॉफीत साखर ढवळता ढवळता म्हणाला, बाहेरून चौदा सेंटीमीटर जाडीच्या फोमच्या फळ्या चिकटवल्या, वर नवा गिलावा केला, की घर तापवायचं तेल इतकं वाचेल की सगळं एकोणीस वर्षांत वसूल. मी बोटांवर मोजलं. बहात्तर अधिक एकोणीस — एक्याण्णव! "म्हणजे वसुलीच्या समारंभाला तुम्हालाच यावं लागेल," मी म्हटलं. पोरगा लाजला. "गेनाऊ," म्हणाला, म्हणजे बरोबर. दुसरं काय म्हणणार बिचारा?

डॉक्टर छाती तपासतात तसा भिंतीवर टिचक्या मारत फिरत होता. म्हणे, "हेर मोकाशी, घर चौपन्न सालचं आहे. दर हिवाळ्यात तुम्ही बाहेरची बाग तापवता." तापवतो तर तापवतो! स्टुटगार्टच्या या टेकडीवर आमच्या गुलाबांइतके सुखी गुलाब दुसरे नाहीत.

शेवटी त्याला खरं कारण सांगितलं. आम्ही इथे कायमचे नाही, भारतात परत जायचं आहे. त्याने अदबीने विचारलं, कधी?

मी तोंड उघडायच्या आत सुरेखा म्हणाली, "एकाहत्तर सालापासून. दर वर्षी."

बुधवार, ६ ऑगस्ट

घराला हात लावू द्यायचा नाही, हे ठरलं. कारण इथे लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगायला गेलो की सुरेखा हसते.

शहात्तर साली हे घर घेतलं तेव्हाच आमचं बोलणं झालं होतं — हा मुक्काम आहे. स्वयंपाकघराच्या फरशा बदलल्या नाहीत. का? जायचंय. उत्तरेची खोली डिसेंबरात अशी गारठते की तिथे लोणचंसुद्धा ठेववत नाही. दुरुस्त केली का? नाही, जायचंय. मुक्कामाच्या जागी कुणी भिंतींना गरम कपडे शिवत बसतं? एकदा हे चौदा सेंटीमीटर अंगाला लागले, की मग आपण आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं — आता इथेच. मग कऱ्हाड संपलं. संगमावरचा तो सकाळचा गारवा संपला. आगाशे मास्तरांचा कवितेचा तास संपला. घंटा झाली तरी मास्तर हातातलं कडवं पुरं केल्याशिवाय वर्ग सोडत नसत. बाहेर पुढच्या तासाचे गणिताचे मास्तर ताटकळत. माझं कडवंही अजून अर्धंच आहे.

हे लिहितो आहे आणि सुरेखा दारातून डोकावून म्हणते, "काय, कऱ्हाडला पोचलात का?"

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सुरेखाने काम देऊनसुद्धा टाकलं! सही तिची. घर तिच्याही नावावर आहे, हा मुद्दा तिने बत्तीस वर्षांत पहिल्यांदा काढला.

रविवार, १० ऑगस्ट

ऊर्मिला एश्बॉर्नहून आली, वेदला घेऊन. लेकीच्या पुढे गाऱ्हाणं मांडलं. ती इमेल बघत बघत ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही जाणार असाल तर या घराचं काही का होईना. आणि जाणार नसाल तर थंडीत का मरायचं? दोन्हीकडून उत्तर एकच येतंय." कंपन्यांना सल्ले देऊन देऊन पोरगी बापालाही तसाच सल्ला देते. दोन चौकोन आणि एक बाण!

वेदला सगळं मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमधून. नऊ वर्षांच्या माणसाने माझी समजूत घातली, की घराला फक्त एक जॅकेट मिळणार आहे, आजोबा, त्यात रडण्यासारखं काय आहे? मी रडत नव्हतो. कांदा चिरत होतो.

सुरेखा तासभर फोनवर होती. रविवार म्हणजे सांगलीचा फोन. चारुलता, तिची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून एकटीच राहते. वरचा मजला रिकामा. आम्ही परत गेलो की तिथेच राहायचं, असं कधीपासून ठरलेलं. कऱ्हाड तिथून एसटीने दीड-दोन तास. मी फोनजवळून जाताना ऐकलं — "खिडकीला जाळी बसवून घेतलीस का? डास फार." बायकांच्या गप्पा!

गुरुवार, २१ ऑगस्ट

गिलावा करणारा माणूस आज मापं घ्यायला आला. नाव स्लावको. क्रोएशियाचा, साठीचा, हात फावड्याएवढे. मला वाटलं होतं रागावता येईल, पण जमलं नाही. आल्या आल्या सुरेखाचा चहा पिऊन त्याने "आलं?" असं विचारलं, आणि सुरेखा खलास.

मग खिशातून पेन्सिल काढून म्हणाला, "आता नीट विचार करा. बाहेरच्या भिंतीवर काय काय टांगणार?"

मला कळेना. त्याने समजावलं. फोमच्या भिंतीत नंतर खिळा ठोकता येत नाही. आत काही नसतंच धरायला. दिवा, पत्रपेटी, पायऱ्यांचा कठडा, उन्हाची कनात, जे काय लागणार असेल त्याच्यासाठी आधीच आत घट्ट ठोकळा बसवावा लागतो. एकदा गिलावा झाला की झालं. "पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत जे लागेल ते आज सांगा."

पुढच्या तीस वर्षांत! मी म्हटलं, "काही नको. आम्ही जाणार आहोत."

स्लावकोने पेन्सिल कानावर ठेवली. "मीपण," म्हणाला. डाल्मेशियात समुद्राजवळ त्याने घर बांधलंय. एकोणनव्वद सालापासून बांधतोय. आता पुरं झालंय. संगमरवरी जिना आहे.

"मग कधी जाणार?"

"पुढच्या वर्षी," स्लावको म्हणाला. सुरेखा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिचा चेहरा मला अजिबात आवडला नाही.

शेवटी तिनेच यादी दिली. दारावर दिवा. पायऱ्यांना कठडा. दोन पत्रपेट्या. कठडा कशाला, मी विचारलं. "तुमच्यासाठी नाही हो," म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी."

बुधवार, ३ सप्टेंबर

गणपती बसले. उकडीचे एकवीस मोदक, त्यातले सहा फुटले. ते माझ्या वाट्याला.

दुपारी स्लावकोचा फोन. परांची सोळा तारखेला बांधणार. फोन ठेवला, पंचांग काढलं, आणि काय सांगू! सोळा सप्टेंबर — पितृपक्ष सुरू! पंधरा दिवस नवीन काम नाही! देव आहे म्हणायचा.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

स्लावकोला कळवलं. फोनवर जर्मनमध्ये पितृपक्ष समजावणं सोपं नाही. मी म्हटलं, त्या पंधरवड्यात आमचे गेलेले लोक घरी जेवायला येतात, अशा वेळी घराला हात लावत नाहीत. मग खालच्या आवाजात त्याने विचारलं, "किती जण?"

मी म्हटलं, तीन पिढ्या.

"मग बरोबर आहे," स्लावको म्हणाला. "त्यांच्या डोक्यावर परांची कशी बांधायची?" माणूस मोठा सालस. दुसरीकडचं काम आधी घेतो म्हणाला. तीस तारखेला येईल.

सुरेखाला सांगितलं. ती भांडी पुसत होती. "चाळीस वर्षांत एकदा तरी पाळलात का पितृपक्ष? ऐंशी साली त्याच पंधरवड्यात गाडी घेतली होती."

"चूक सुधारायला वय नसतं," मी.

"बरं," ती म्हणाली. इतकंच. बरं! मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पाळायचा तर नीट पाळा, असं घरात फर्मान निघालं आहे. कांदा बंद. लसूण बंद. दाढी बंद. नवा चष्मा चष्मेवाल्याकडे तयार होऊन पडलाय, तर "नवी वस्तू? या पंधरवड्यात? अहो, काय म्हणतील तुमचे आजोबा!" जुन्या चष्म्याची एक काडी तुटलेली, ती दोऱ्याने कानाला बांधून हे लिहितो आहे. शेजारच्या फ्राऊ बॉयर्ले कुंपणावरून विचारत होत्या, हेर मोकाशींची तब्येत बरी आहे ना? सुरेखाने त्यांना इथल्या अस्सल श्वाबी बोलीत काहीतरी सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या.

रविवार, २१ सप्टेंबर

कांद्याशिवाय पोहे. यावर कुणी शोकगीत कसं लिहिलं नाही?

सोमवार, २९ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. आज मात्र खरोखर सगळं केलं. खीर, वडे, भाजणीचा वास घरभर. वडील, आजोबा, आजी, सगळ्यांची नावं घेतली. पणजोबांच्या नावाशी अडलो. आठवेना! लहानपणी तोंडपाठ होतं. सुरेखाने हळूच सांगितलं — "त्रिंबक." माझ्या पणजोबांचं नाव तिला ठाऊक! म्हणे, लग्नात गुरुजींनी घेतलं होतं, तेव्हापासून लक्षात आहे.

चेष्टेने सुरू केलं होतं. पण त्रिंबकांच्या पानावर दुसरा वडा मीच वाढला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

घट बसले, दाढी केली, चष्मा आणला — आणि नव्या चष्म्यातून पहिली गोष्ट दिसली ती परांची. चारी बाजूंनी लोखंडी पिंजरा. सकाळी सातला अंथरुणातून डोळे उघडले तर खिडकीत स्लावकोच्या विजारीचे गुडघे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

फळ्या लागताहेत. पांढऱ्याशुभ्र, हलक्या, हातात घेतली तर जणू काहीच घेतलं नाही. पायथ्यापासून एकेक ओळ वर चढते आहे. मध्ये मध्ये मोठ्या बटणांसारख्या चकत्या ठोकतात. चहा पिता पिता दोन ओळी सुचल्या, मास्तरांच्या वळणाच्या —

शुभ्र कवच हे अंगी लेउन
वास्तु उभी मम थंडीसाठी

सुरेखाला म्हणून दाखवल्या. "थंडीसाठी की थंडीविरुद्ध?"

"विरुद्ध वृत्तात बसत नाही."

"मग राहू दे, थंडीला येऊ दे." आणि बाहेर बघून म्हणाली, "कवच कसलं, आत्ताच टीव्हीच्या खोक्यातून काढल्यासारखं दिसतंय."

तेही खरंच!

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज स्लावको वरच्या मजल्याच्या खिडकीपाशी आला. तो परांचीवर उभा, मी आत खुर्चीत, मध्ये उघडी खिडकी. चहाचा कप खिडकीतून दिला. दोन घरांच्या गच्च्यांवरून बोलावं तसं अर्धा तास बोललो.

त्याला त्याच्या घराचं विचारलं. चार खोल्या. सगळ्या सजवलेल्या. दर ऑगस्टमध्ये जातो. खिडक्या उघडतो, पाणी सोडून बघतो, नळ ठीक आहेत ना. तीन आठवडे राहतो. चौथ्या आठवड्यात कंटाळतो. खिडक्या बंद करतो, परत येतो.

"कंटाळता?" मी विचारलं.

"तिथे मला कुणी काही विचारत नाही," स्लावको म्हणाला. "इथे निदान मुलगा विचारतो, बाबा, ही फट का पडली."

मग त्याने मला विचारलं, तुमच्या गावी कोण कोण आहे? मी सांगायला लागलो. घाट सांगितला, शाळा सांगितली, आगाशे मास्तर सांगितले, त्यांच्या कोटाच्या खिशातले खडू सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आणि जिवंत?"

काय उद्धट माणूस!

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज उत्तरेची भिंत झाकली. त्याआधी खाली जाऊन पाहून आलो. कोपऱ्यात अठ्ठ्याहत्तर साली मी स्वतः केलेलं गिलाव्याचं ठिगळ आहे. वाकडंतिकडं, थापीचे फटके जसेच्या तसे. इंजिनिअर माणूस, आयुष्यभर पंपांची मापं मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत घेतली, आणि घराची भिंत अशी! स्लावकोने त्यावरून हात फिरवला. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "आधीच्या मालकाने."

मग त्यावर फळी लागली.

सोमवार, २० ऑक्टोबर

फोमवर जाळीचं कापड, कापडावर चुन्यासारखा लेप. आता रंग ठरवायचा. मी तलवार उपसूनच बसलो होतो. या वेळी माघार नाही! कऱ्हाडच्या शाळेसारखा रंग हवा. वर पांढरा आणि खाली गुडघ्याएवढा गेरूचा पट्टा. फ्राऊ बॉयर्ले आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांसारखा फिकट पिवळा सुचवत होत्या. सुरेखाही तेच म्हणणार, याची मला शंभर टक्के खात्री. तीन मुद्दे काढून ठेवले होते. चौथा राखून.

सुरेखा म्हणाली, "द्या की. तुम्हाला आवडेल तो द्या."

असं कुठे असतं? चाळीस वर्षांत या बाईने पडद्याच्या दोरीचा रंगसुद्धा मला ठरवू दिला नाही! माझे चारही मुद्दे वाया गेले. दिवसभर चुकल्यासारखं वाटत होतं.

वर तिने स्लावकोला एवढंच विचारलं, "कागद कधी मिळेल?" कागद म्हणजे त्या सल्लागाराचं प्रमाणपत्र, घर किती उष्णता धरतं त्याचं. जुलैपासून कसलासा नवा नियम निघालाय. तिला कागदांचं पहिल्यापासून वेड. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं काढली, रक्ताच्या बाटलीलाही चिठ्ठी लावल्याशिवाय चैन पडायची नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. परांचीवर चारी बाजूंनी पणत्या लावल्या! कल्पना माझी. खालून बघितलं तर पाच मजली दीपमाळ. गल्लीतले लोक थांबून बघत होते. फ्राऊ बॉयर्ले शाल घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे दर वर्षी करत जा. मी म्हटलं, दर वर्षी परांची कुठून आणू?

सुरेखा चारुलताशी फोनवर. "हो, दिसतंय मला इथून," असं काहीतरी म्हणत होती. काय दिसतंय कुणास ठाऊक.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

परांची उतरली. घर एकदम उघडं पडलं — पांढरं, खाली गेरूचा पट्टा. खिडक्या खोल गेल्यात, झोप न झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारख्या. पण शाळा! हुबेहूब शाळा! रस्त्यापलीकडे उभा राहून बघत होतो. पाच मिनिटांनी सुरेखा दारात येऊन म्हणाली, "आत या, हजेरी घेतेय."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी टकटक. दार उघडलं, कुणी नाही. पुन्हा टकटक. बाहेर येऊन वर बघतो तर काय! सुतारपक्षी! माझ्या चौदा सेंटीमीटरला भोक पाडत बसलेला! नव्या भिंतीवर चोच मारली की पोकळ वाजते, त्याला वाटतं आत किडे आहेत. मुठीएवढं भोक पाडलंन, फोमचे पांढरे दाणे गुलाबांवर बर्फासारखे पसरलेत.

सुरेखा काठी घेऊन आली. मी म्हटलं, "बसू दे गं. त्याला घर करायचंय."

"आणि तुम्हाला?" ती म्हणाली आणि काठी माझ्याच हातात देऊन आत गेली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाहेर दोन अंश. पायमोजे न घालता झोपलो. हे कुणाला सांगायचं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

उत्तरेच्या खोलीत खुर्ची नेऊन ठेवली. बत्तीस वर्षांत या खिडकीत हिवाळ्यात कुणी बसलं नव्हतं. इथून खालच्या दरीतलं सगळं गाव दिसतं. द्राक्षांचे उतार, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, वळणावरची पिवळी ट्राम. एवढी वर्षं घरात होतं आणि मी पाहिलंच नव्हतं! दुपारभर तिथेच. काचेला हात लावला, गार. भिंतीला हात लावला, कोमट. मांजराच्या पाठीसारखी.

सुरेखा दोनदा येऊन बघून गेली. चिडवलं मात्र नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज दुपारी एक तरुण जोडपं चहाला आलं. ध्रुव आणि ईश्वरी. पुण्याचे. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, ती कार्ल्सरूहेला संशोधन करते. गोड मुलं. वाकून नमस्कार केला. मला वाटलं महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीची, दिवाळीचं भेटायला आली असतील. सुरेखाने त्यांना सगळं घर दाखवलं. उत्तरेच्या खोलीत ईश्वरी म्हणाली, "काका, काय मस्त गरम आहे हो! आमच्या आत्ताच्या घरात भिंतीला बुरशी आलीये." मग ध्रुवने खिशातून टेप काढली आणि माझ्या खुर्चीच्या मागची भिंत मोजली. "कपाट बसेल," तो बायकोला म्हणाला.

ती गेल्यावर मी विचारलं, यांना कपाट कशाला बसवायचंय?

सुरेखाने टेबलावर एक फाइल ठेवली. चिठ्ठ्या लावलेली. पहिल्या चिठ्ठीखाली ते प्रमाणपत्र — घर पास झालंय. दुसऱ्या चिठ्ठीखाली भाडेकरार. ध्रुव आणि ईश्वरी, पहिल्या जानेवारीपासून. वरची एक खोली आपल्याला ठेवायची, कधी आलो तर. त्यासाठीच दुसरी पत्रपेटी. तिसऱ्या चिठ्ठीखाली विमानाची दोन आरक्षणं, वीस डिसेंबर, एकेरी.

मी तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"जुलैपासून त्या कागदाशिवाय जुनं घर भाड्याने देता येत नाही," ती सांगत होती, रक्ताचे अहवाल सांगावेत तशी. "आणि तो गारठा भाड्याने घेतलाही नसता कुणी. म्हणून म्हटलं, आधी भिंती करून घेऊ. अहो, चाळीस वर्षं म्हणताय ना, जायचंय? दर वेळी काहीतरी राहतंच. ऊर्मिलाची शाळा, मग माझी नोकरी, मग तुमचं पेन्शन. आता काही राहिलेलं नाही. तुमची सही तेवढी. करार दोघांच्या नावाचा आहे. चोवीस तारखेपर्यंत द्यायचाय."

मला वाटत होतं ती मला इथे भिंतीत चिणते आहे. आणि ती तर दार उघडत होती! माझ्यासाठी! डोळे भरून आले, ते खरं. ती म्हणाली, "चहा गार होतोय."

रविवार, १६ नोव्हेंबर

सही केली नाही अजून. पेन सापडत नव्हतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पेन सापडलं. शाई वाळलीय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

स्लावको सुतारपक्ष्याचं भोक बुजवायला आला. शिडीवरून खाली उतरल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो हात पुसत ऐकत होता. मला वाटलं अभिनंदन करील. पण त्याने नुसतं विचारलं, "आणि?"

"आणि काय? जाणार!"

"मग तुम्ही असे का दिसताय?"

मी म्हटलं, नवा चष्मा आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कऱ्हाडला भेटायला जायचं झालं तर कोणाकडे, याची यादी करायला बसलो. शाळेतला श्रीरंग, तो मुलाकडे नागपूरला गेला. उल्हास, गेल्या वर्षी वारला. आगाशे मास्तर — मास्तरांचं तर सांगायलाच नको, मी तिथे होतो तेव्हाच ते गेले. शाळा पाडून कॉंक्रीटची केली, हे मी चार वर्षांपूर्वी डोळ्यांनी बघून आलो आहे आणि या वहीत त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. घाट आहे. घाटाला काय, तो मला ओळखत नाही.

माझं कऱ्हाड मी रोज सकाळी इथेच उघडतो, या टेकडीवर, खिडकीत बसून. तिथे गेलो तर ते कुठे उघडू?

हे मला आज कळलं असं लिहिणार होतो. आज कळलेलं नाही. मोजे न घालता झोपलो तेव्हाच कळलं होतं. किंवा त्याच्याही आधी, ऐंशी साली, गाडी घेतली तेव्हा.

पण आता तिला काय तोंडाने सांगू? घर सोलून, सारवून, रंगवून दिलं बिचारीने, या म्हाताऱ्याचा एक हट्ट पुरा व्हावा म्हणून. सबंध शरद ऋतू तिने माझ्या एका वाक्यासाठी घालवला. हसेल. चिडवेल. वर्षभर चिडवेल. मग म्हणेल, बरं झालं, राहिलो. तिलाही बरंच वाटेल. हे घर, ही लेक, हा नातू, फ्राऊ बॉयर्ले. तिचं सगळं इथेच आहे. चाळीस वर्षांत ती एकदाही म्हणाली नाही, जायचंय म्हणून. म्हणत होतो तो मीच.

उद्या नको. रविवारी सांगतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी, सांगलीला फोन लावायच्या आत, सुरेखाला सांगितलं. मला जायचं नाही.

ती फोन हातात घेऊन उभी होती. मी चिडवण्याची वाट बघत राहिलो.

"मला जायचंय," ती म्हणाली.